जर्मनीत बिऱ्हाड मांडताना: हातात किती पैसे हवेत आणि कोणता विमा आधी घ्यायचा

चाव्या हातात आल्या, दार उघडलं, तर स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि शेगडीसाठी सोडलेली एक जाड वायर. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. छताला दिवा नाही, नुसते वायरींचे शेंडे. नवरा म्हणाला, "चुकीच्या फ्लॅटमध्ये शिरलो का?" नव्हतो शिरलो. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा असंच मिळतं. आधीचा भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघरही उचलून नेतो.

चिंचवडहून स्टुटगार्टजवळच्या एका गावात येऊन आम्हाला सात वर्षं झाली. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, ते कागदावर. खरा रस्ता चाकणच्या कारखान्यांनी पाडलाय. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी मावसभावाचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, पगार एवढा एवढा आहे, पुरेल ना?" पगार पुरतो. पुरत नाही ती पगार सुरू होईपर्यंतची रोकड. आणि विमे लोक हौसेने घेतात, पण नेमके उलट्या क्रमाने. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. आकडे २०२६ चे आहेत. हिशेब सोपा पडावा म्हणून एका युरोचे शंभर रुपये धरा.

पायरी पहिली: निघण्याआधी

ऑफर लेटरवर सही करण्याआधी कंपनीला स्थलांतराच्या खर्चाबद्दल विचारा. सही झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. देणार असतील तर आधी देणार की बिलं दाखवल्यावर, हे लेखी घ्या. बिलं दाखवल्यावर मिळणारे पैसे तुमच्या हातात दोन-तीन महिन्यांनी येतात, आणि गरज असते ती पहिल्या आठवड्यात.

दातांची कामं भारतातूनच करून निघा. रूट कॅनाल अर्धवट असेल तर पूर्ण करा, कॅप बसवून घ्या. चष्म्याचे दोन जोड बनवा. जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा उत्तम आहे, पण दातांच्या कॅपचा खर्च तो काही अंशीच उचलतो आणि मोठ्या माणसांच्या चष्म्याला, नंबर फारच मोठा नसेल तर, काहीच देत नाही. पुण्यात दोन आठवड्यांत उरकलेलं हे काम सगळ्या सामानापेक्षा जास्त पैसे वाचवतं.

लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला मूळ प्रतीत सोबत ठेवा. दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं जर्मन भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून लागतं. मुलांचं लसीकरणाचं पुस्तक विसरू नका. गोवराची लस झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय पाळणाघर आणि शाळा दोन्हीकडे अडतं.

पैसे नेण्याचं म्हणाल तर परकी चलनी नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात. बाकीचं फॉरेक्स कार्डवर ठेवा, किंवा जर्मनीतलं खातं उघडल्यावर भारतातून पाठवा. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या पुढे गेलात तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकतो. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला अशी रक्कम विभागली तर बऱ्याचदा प्रश्नच उरत नाही.

शिकायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. हे पैसे आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. पहिला ९९२ चा हप्ता सुटायलाच वेळ लागतो, आणि खोलीचं डिपॉझिट त्याच्या आधी मागतात. दीड-दोन हजार युरो वेगळे हवेतच.

पायरी दुसरी: डोक्यावर छप्पर, आणि पत्ता

जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमिटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्ममिटे म्हणजे त्यात बहुधा हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून होणारं. वीज आणि इंटरनेट सहसा दोन्हीत नसतं. आपल्याला द्यायचं असतं ते वार्म, आणि आपण खूश होतो काल्ट बघून.

डिपॉझिटला काउत्सिओन म्हणतात. कायद्याने ते तीन महिन्यांच्या काल्टमिटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. हा हक्क घरमालक स्वतःहून सांगत नाहीत. आम्हाला माहीत नव्हता, आम्ही तीन हजार युरो एकदम मोजले आणि पुढचा महिना डाळ-भातावर काढला. एजंटचंही तसंच. २०१५ पासून भाड्याच्या घराला एजंट ज्याने बोलावला त्याने त्याचे पैसे द्यायचे. मालकाने बोलावलेल्या एजंटची दलाली तुमच्याकडे मागितली तर ती देऊ नका.

घर न बघता डिपॉझिट पाठवायचं नाही, ही एक गोष्ट कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका. "मी सध्या परदेशात आहे, पैसे भरा, चावी कुरिअर करतो" असा सभ्य इंग्रजीत मेल लिहिणारा घरमालक अस्तित्वात नसतो.

त्यामुळे पहिला महिना-दीड महिना तात्पुरत्या, सामानासकट मिळणाऱ्या जागेत जातो. ती ठरवताना एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? आनमेल्डुंग म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि तिला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. अनेक तात्पुरत्या जागांवर तो देत नाहीत. मग नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, आणि टॅक्स नंबर नाही म्हणून काही कंपन्या पहिल्या पगारावर सर्वांत जड, म्हणजे सहाव्या वर्गाचा कर कापतात. जादा कापलेला कर परत मिळतो, पण ज्या महिन्यात एकेका युरोची ओढ असते नेमका त्याच महिन्यात तो गेलेला असतो. महिन्याला दोनशे युरो जास्त पडले तरी नोंदणी देणारीच जागा घ्या.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी इथे जरा थांबून विचार करावा. तिथे कॅथलिक लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर पगारातून सुरू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ८, बाकी राज्यांत ९. लिहायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण भरताना माहीत असावं. हिंदूंना हा कर नाही.

आता रोकडीचा हिशेब मांडते. तिघांचं कुटुंब, काल्टमिटे १,००० आणि वार्ममिटे १,२५० चं घर, शहर मध्यम महाग. तात्पुरती जागा महिनाभर १,७५०. डिपॉझिट ३,०००. पहिलं भाडं १,२५०. जुनं स्वयंपाकघर, शेगडी-ओव्हन धरून, ९००. गाद्या, पलंग, दिवे, वॉशिंग मशीन १,२००. रेसिडेन्स कार्डाची फी, बस-ट्रेनचे पास, फोन मिळून अडीचशे-तीनशे. दीड महिन्याचं खाणंपिणं ७००. बेरीज नऊ हजार युरोच्या पुढे जाते. डिपॉझिट हप्त्यांत दिलंत तर सुरुवातीचा भार दोन हजारांनी हलका होतो. म्युनिकमध्ये हे पुरणार नाही, लाइपझिगमध्ये उरेल. एकटा माणूस वाटून घेतलेल्या फ्लॅटमधल्या खोलीत गेला तर तिसऱ्या हिश्श्यात भागतं.

पगार महिन्याच्या शेवटी येतो हे लक्षात ठेवा. १ तारखेला रुजू व्हायचं म्हणून २० तारखेला आलात, तर जवळजवळ चाळीस दिवस एकही युरो आत येत नाही.

स्वयंपाकघर आणि फर्निचर नवं घेऊ नका. जुन्या सामानाच्या जाहिरातींत रोज कुणी ना कुणी घर सोडत असतं आणि ओटा उतरवून न्यायला आलात तर अर्ध्या किमतीत देतं. 'त्सू फेरशेन्केन' असं लिहिलेलं फुकट असतं. आमचं जेवणाचं टेबल अजून तेच आहे. फक्त ओट्याचा पृष्ठभाग पांढरा असला तर हळदीपासून जपा. घर सोडताना त्या पिवळ्या डागांचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेलेले मी पाहिलेत. ताबा घेतानाच प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून ताबा-पत्रकात लिहून घ्यायचा, हे आलंच.

पायरी तिसरी: आरोग्य विमा, आणि एक सापळा

जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय राहता येत नाही. नोकरदाराचा सरकारी विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. विमानातून उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतची पोकळी भरायला 'इनकमिंग' नावाची स्वस्त, थोड्या दिवसांची पॉलिसी मिळते. व्हिसालाही ती लागते. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब त्यात धरत नाहीत, तेव्हा नेहमीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह सोबत न्या.

सरकारी विमा चालवणाऱ्या संस्थांना क्रांकेनकासे म्हणतात. टीके, एओके, बार्मर अशा बऱ्याच आहेत आणि निवड तुमची असते. जवळपास सगळ्या सुविधा कायद्यानेच ठरलेल्या, सगळीकडे सारख्या. फरक वरच्या जादा टक्क्यांत आणि इंग्रजीत बोलणारं कुणी फोन उचलतं की नाही यात. नव्या माणसाने दुसऱ्या फरकाकडे जास्त पाहावं असं माझं मत आहे.

हप्ता पगाराच्या टक्क्यांत जातो: मूळ १४.६ आणि सरासरी २.९ जादा, मिळून १७.५ टक्के, त्यातला निम्मा कंपनी भरते. शिवाय वृद्धापकाळातल्या देखभालीच्या विम्याचे ३.६ टक्के, तेही साधारण निम्मे-निम्मे. मूल नसलेल्याला थोडे जास्त. महिना ४,५०० युरो पगार असेल आणि एक मूल असेल तर तुमच्या खिशातून दोन्ही मिळून पावणेपाचशेच्या आसपास जातात. ऐकायला जड वाटतं. पण याच हप्त्यात कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि मुलं फुकट येतात. बाळंतपण, शस्त्रक्रिया, मुलांचे दात, सगळं कार्ड दाखवून. इस्पितळात दिवसाला १० युरो, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस. चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ५ ते १० युरो. पुण्यात इस्पितळाच्या काउंटरवर डिपॉझिट भरायला रात्री दोनला एटीएम शोधलेल्या माणसाला हे वाचून आधी विश्वास बसत नाही.

आता सापळा. वर्षाचा पगार ७७,४०० युरोच्या वर असेल तर तुम्हाला खाजगी आरोग्य विम्यात जाण्याची मुभा मिळते. तिशीतल्या निरोगी माणसाला तो स्वस्त दाखवतात, डॉक्टरची वेळ लवकर मिळते हेही खरं. पण तिथे बायको आणि प्रत्येक मूल यांचा हप्ता वेगळा. वय वाढेल तसा हप्ताही वाढतो, पगार वाढो न वाढो. आणि परतीची वाट अरुंद: पगार मर्यादेखाली आल्याशिवाय नोकरदाराला सरकारीत परतता येत नाही, पंचावन्नच्या पुढे जवळजवळ नाहीच. माझ्या ओळखीच्या एकाने अविवाहित असताना महिन्याला दीडशे युरो वाचतात म्हणून उडी मारली. आज दोन मुलं आणि घरी असलेली बायको यांचे हप्ते भरताना त्याचा चेहरा बघवत नाही. कुटुंब आणणार असाल तर सरकारीतच राहा.

विद्यार्थ्यांसाठीही तीच सूचना, जरा वेगळ्या शब्दांत. तिशीच्या आत सरकारी विमा सवलतीत, महिन्याला साधारण दीडशे युरोत मिळतो. महिन्याला तीस-चाळीस युरोंची खाजगी पॉलिसी दाखवून त्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत ती सूट मागे घेता येत नाही. दुसऱ्या सत्रात अपेंडिक्स दुखायला लागल्यावर मग पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचावी लागतात.

कार्ड टपालाने यायला वेळ लागतो. तोवर सभासदत्वाचं पत्र मागून घ्या, डॉक्टर तेवढ्यावर तपासतात. घराजवळचा फॅमिली डॉक्टर, हाउसआर्ट्स, आजारी पडण्याआधी गाठा. बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत आणि ताप १०२ असताना हे कळणं बरं नव्हे. जिवावर बेतलं तर ११२. रात्री-सुट्टीत तेवढं गंभीर नसेल तर ११६११७.

पायरी चौथी: शंभर युरोंच्या आतला सर्वांत महत्त्वाचा विमा

आपल्याकडे नसलेली ही चीज आहे, म्हणून लोक ती शेवटी घेतात. नाव लांबलचक: हाफ्टफ्लिश्ट. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा. जर्मन कायद्यात या भरपाईला वरची मर्यादा नाही. सायकल चालवताना तुमच्यामुळे कुणी पडलं आणि त्याला कायमचं अपंगत्व आलं, तर आयुष्यभराची भरपाई तुमच्या पगारातून.

माझा अनुभव एवढा भयंकर नाही, पण बोलका आहे. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडून इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली हरवली. मला वाटलं, कोपऱ्यावर डुप्लिकेट करू, वीस युरोंत काम. पण इमारतीला एकाच किल्लीप्रणालीची कुलुपं होती. सुरक्षेसाठी सगळीच बदलावी लागणार, असं घरमालकाचं पत्र आलं, आणि खाली चार आकडी रक्कम. विमा होता म्हणून वाचले, आणि तोही शेजारच्या आजींनी आल्या आठवड्यातच बळेबळे घ्यायला लावला म्हणून.

कुटुंबाला वर्षाला साधारण ५० ते १०० युरो पडतात. महिन्याला नव्हे, वर्षाला. घेताना चार गोष्टी बघा: कव्हर किमान एक कोटी युरोंचं, दुसऱ्याच्या किल्ल्या हरवणं धरलेलं, भाड्याच्या घराचं नुकसान धरलेलं, आणि लहान मुलं असतील तर सात वर्षांखालच्या मुलांनी केलेलं नुकसानही. कायद्याने इतक्या लहान मुलाला जबाबदार धरत नाहीत, म्हणून साधी पॉलिसी अशा वेळी पैसे देत नाही. पोरीने शेजाऱ्यांच्या गाडीवर दगडाने सूर्य काढला तर कायदा तुमच्या बाजूने असतो, शेजारी नसतात.

बाकीचे विमे

सामानाचा विमा, म्हणजे हाउसराट, पहिल्या वर्षी सोडून दिलात तरी चालेल. फुकट आणलेल्या टेबलाचा विमा कशाला? महागडी सायकल घेतलीत तर विचार करा. वकिलाच्या खर्चाचा विमा भांडण सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, बहुतेक बाबींना तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. घरमालकाशीच वाजण्याची चिन्हं असतील तर भाडेकरू संघाचं सभासदत्व स्वस्त पडतं. काम करता न येण्याइतका आजार झाला तर उत्पन्न देणारा विमा चांगला आहे, पण इथे पाच-सहा वर्षं राहायचं नक्की झाल्यावर, शांत डोक्याने. गाडी घेतलीत तर तिचा विमा सक्तीचा. भारतीय लायसन्स नोंदणीपासून फक्त सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

आता "आपला माणूस". नव्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादे दादा असतात, नोंदणीला सोबत येतात, फॉर्म भरून देतात, घरी चहाला बोलावतात. तिसऱ्या चहाला तीस वर्षांची पेन्शन पॉलिसी निघते. अशा पॉलिसीत विक्रीचा खर्च पहिल्या पाच वर्षांच्या हप्त्यांतून वळता करतात. तुम्ही चौथ्या वर्षी पुण्याला परतलात तर हातात भरलेल्यापेक्षा कमी येतं. दादांचे आभार माना, चहा प्या, सही करू नका. केली असेल तर आयुर्विम्याच्या करारातून ३० दिवसांत आणि बाकीच्या विम्यांतून १४ दिवसांत लेखी कळवून बाहेर पडता येतं.

पायरी पाचवी: टपालपेटी रोज उघडा

नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. घरात टीव्ही नसला तरी प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात. बरेच जण जाहिरात समजून फेकतात, मग दंडासकट येतं. वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये एकानेच भरायचं असतं.

मुलं असतील तर बालभत्त्याचा, किंडरगेल्डचा, अर्ज लगेच करा. एका मुलाला महिन्याला २५९ युरो. मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचेच मिळतात. आम्ही "सगळं स्थिरस्थावर झाल्यावर बघू" म्हणत दोन महिन्यांचे घालवले.

आणि हीटिंग. वार्ममिटेतली रक्कम अंदाजाची असते, वर्षाच्या शेवटी खरा हिशेब होतो आणि तो पाठवायला मालकाला आणखी बारा महिन्यांची मुदत असते. चिंचवडच्या सवयीने पहिल्या हिवाळ्यात आम्ही घर चोवीस अंशांवर ठेवलं आणि खिडक्या मात्र फोडणीच्या वासासाठी दिवसभर तिरप्या उघड्या. त्याचं बिल दीड वर्षाने आलं, तेव्हा आम्ही तो हिवाळा विसरलोही होतो. पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची आणि बंद करायची, हे जर्मन शास्त्र मुकाट्याने पाळा.

मागे उरलेलं

भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या; परदेशी राहायला गेल्यावर साधं खातं चालू ठेवता येत नाही. टर्म इन्शुरन्स बंद करू नका, फक्त कंपनीला नवा पत्ता आणि देश कळवा. भारतातला आरोग्य विमा लहानसा का होईना, चालू ठेवा. परत आल्यावर नवी पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि तोवर आपलं वय वाढलेलं असतं.

आई-बाबांना तुमच्या क्रांकेनकासेत घेता येत नाही. ते नातवंडं बघायला येतील तेव्हा व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, आणि सगळ्यांत स्वस्त पॉलिसीने व्हिसा मिळतोही. पण बाबांना स्टेंट असेल तर ती पॉलिसी नेमकी त्याच दुखण्याला पैसे देणार नाही. आधीचा आजार अचानक उसळला तर त्याचाही खर्च देणारी पॉलिसी शोधा, थोडी महाग पडेल. आणि तिची प्रत त्यांच्या हँडबॅगेत ठेवा, तुमच्या ईमेलमध्ये नको.